सुगंधी वनस्पती

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो. "तू नक्की काय करतेस गं?" पोस्टडॉक म्हणजे नोकरी की शिक्षण हे कुणालाच नीट कळत नाही (पगार बघितला की मलाही शंका येते), म्हणून पुढचा प्रश्न विषयाचा असतो. गेली चार वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे. "सुगंधी वनस्पतींवर काम करते." काकूंच्या डोळ्यांपुढे वाळा, केवडा, फार तर गवती चहा येतो. त्या खूश होतात आणि मी श्रीखंडाच्या पातेल्याकडे सरकते.

तुम्हाला खरं सांगते. मी गांजावर काम करते.

दचकू नका, सगळं कायदेशीर आहे. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाला परवानगी दिली, आणि ओंटारिओतल्या ज्या विद्यापीठात मी आहे तिथं आमच्याकडे संशोधनाचा सरकारी परवाना आहे. प्रत्येक रोपाला नंबर, दारावर कॅमेरा, छाटलेलं पानसुद्धा वजन करून, नोंदवून मगच नष्ट करायचं. सोन्याच्या पेढीवर इतकी मोजदाद होत नसेल. आणि तुमचा पुढचा प्रश्नही मला माहीत आहे. नाही, मी ओढत नाही. एकदाही नाही. माझं काम फक्त वासाशी आहे: एकाच जातीच्या दोन रोपांना वेगवेगळा वास का येतो, आणि हवा तो वास पुढच्या पिढीत कसा आणायचा.

याआधी पुण्यात मी पीएचडी केली ती हापूसच्या वासावर. घरची तीसेक कलमं राजापूरजवळ, त्यामुळे विषय निवडताना फार विचार करावा लागला नव्हता. आंब्यावरून गांजावर कशी आले, असं लोक विचारतात (ज्यांना माहीत आहे ते). खरं म्हणजे मी फारशी हललेच नाही. रेणू तेच आहेत.

कैरीचा देठ मोडला की उडणारा चीक आठवा. त्या उग्र, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वासात मुख्यतः टर्पीनं असतात. पाच कार्बनचे दोन तुकडे जोडून दहा कार्बनचं मोनोटर्पीन होतं, तीन जोडून पंधराचं सेस्क्विटर्पीन. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, देवदारवर्गातल्या झाडांचं पायनीन, लव्हेंडरमधलं लिनालूल, मिरी-लवंगेतलं कॅरियोफिलीन ही सगळी त्याच घराण्यातली. गांजाच्या मादी फुलावर काचेच्या टाचण्यांसारखे बारीक केस असतात, त्यांच्या डोक्यात राळ भरलेली असते, आणि त्या राळेत हीच मंडळी ठाण मांडून बसलेली असतात. हातमोज्यांना ती राळ अशी चिकटते की फणस कापल्याची आठवण यावी. नशा आणणारं टीएचसीही त्याच टाचणीत तयार होतं, पण त्याला वास नाही. वास येतो तो टर्पीनांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं आहे, ते पुढे येईलच.

तुम्ही कोकणातले असाल तर हा सगळा विषय एका शब्दात कळेल: रायवळ. कोय रुजवून आलेलं झाड. एकाच रायवळाच्या दहा कोयी लावा, दहा तऱ्हांची झाडं येतील. एक साखर, एक आंबट, एकाला नुसता दोरा. गांजाचं तसंच आहे. नर-मादी झाडं वेगळी, परागकण वाऱ्यावर, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे रायवळ. मग उद्योगवाले काय करतात? शंभर बिया लावतात, त्यातली एक मादी आवडते, तिच्या फांद्या छाटून मुळं फोडतात आणि त्या सगळ्यांना एक झकास नाव देतात. हापूसचं जे झालं तेच. एक झाड कधीतरी कुणाला तरी आवडलं, आणि मग कलमं.

अडचण येते नराची. नराला आपल्याला हवं ते फूलच येत नाही, त्यामुळे त्याच्याकडून मुलींना कसला वास जाणार हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. मुली वाढवूनच बापाची परीक्षा करावी लागते. यावर एक युक्ती आहे: मादीच्या फांदीवर चांदीच्या क्षाराचा फवारा मारला की तिला नरफुलं येतात, आणि त्या परागांतून होणाऱ्या बिया जवळपास सगळ्या मादी निघतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजी आठवली. "बायकांना सगळंच करावं लागतं," असं ती म्हणाली असती.

माझ्या पहिल्याच संकरात ऐंशी रोपं होती. दोघी आया लिंबू-संत्र्याच्या वासाच्या. फुलं धरल्यावर मी एकेक रोप बोटांनी हलकेच चोळून हुंगत चालले होते. यंत्रावर जाण्याआधी नाकानं एक फेरी करायची असा आमच्याकडे नियम आहे. एकेचाळीस नंबरपाशी आले आणि थांबले. वहीत इंग्रजी शब्द लिहायचे असतात, मी देवनागरीत लिहिलं, "चीक." खिडकीबाहेर उणे अठरा तापमान होतं आणि मला झेल्यातून पडलेला आंबा दिसत होता, देठाशी काळा डाग असलेला. यंत्राचा आलेख आला तेव्हा टर्पिनोलीनचा उंच सुळका, शेजारी मिर्सीन आणि ओसिमीन. आपल्याकडच्या आंब्यांच्या चिकात मिर्सीन, ओसिमीन, लिमोनीन ही प्रमुख; ऑस्ट्रेलियातल्या केन्सिंग्टन आंब्याच्या चिकात टर्पिनोलीन प्रमुख, आणि सालीवर चीक सांडून पडणाऱ्या डागाचा दोष तिथल्या संशोधकांनी त्याच्याच माथी मारला आहे. म्हणजे माझं नाक फार चुकलं नव्हतं. पण आईबापांत ठळक न दिसणारी गोष्ट मुलीत एकदम उफाळून यावी, याचं मला नवल वाटत राहिलं. टर्पीन बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं या झाडात डझनांनी आहेत, काही एकाला एक लागून ओळीनं उभी. त्यातलं कुठलं जागं आणि कुठलं मोडकं, यावर सगळा खेळ. शिवाय एकच एन्झाइम एका वेळी तीनचार रेणू ओततं, त्यामुळे काही वास जोडीनंच येतात. एकूण टर्पीन किती हे ऊन, खत, वाळवण यांवर हलतं. त्यांचं आपसातलं प्रमाण मात्र बरंचसं घराण्यातून येतं.

आता नावांची गंमत. दुकानात गेलात तर (बघायला जा, हरकत नाही) दोन पाट्या दिसतील: सॅटिव्हा आणि इंडिका. एकानं तरतरी, दुसऱ्यानं सुस्ती, असं विक्रेता सांगतो. २०२१ साली नोव्हा स्कोशियातल्या डलहौसी विद्यापीठाच्या गटानं नेदरलँड्समधले शंभराहून अधिक नमुने तपासले. जनुकांच्या एकंदर मांडणीत या दोन नावांत फरकच सापडला नाही. पाटीशी जुळणारी होती ती मोजकी टर्पीनं. म्हणजे ज्याला मातकट, मिर्सीनचा वास त्याला लोक इंडिका म्हणत आले. पाटी झाडाच्या कुळावर लावल्याचा आव, आणि लावली होती वासावर! पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या सहा राज्यांतल्या सुमारे ९०,००० नमुन्यांचा अभ्यास आला. नावं शेकडो, पण टर्पीनांच्या हिशेबानं ढोबळ गट तीनच: कॅरियोफिलीन-लिमोनीनवाले, मिर्सीन-पायनीनवाले आणि टर्पिनोलीनवाले. माझी एकेचाळीस नंबर तिसऱ्यातली, त्यातल्या त्यात दुर्मीळ गटातली. कोलोरॅडोतल्या आणखी एका अभ्यासात एकाच नावानं विकली जाणारी झाडं जनुकीयदृष्ट्या एकमेकांची कुणीच लागत नव्हती.

हे वाचताना मला सारखी वाशीची बाजारपेठ आठवते. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून पेटीत. ज्या ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅनडात गांजाची दुकानं उघडली, त्याच महिन्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. अप्पांनी फोनवर सांगितलं, "आता नाव आपलं झालं." मी म्हटलं, "नाव झालं, अप्पा. नाकाचं काय?" अप्पा पेटीचं झाकण उघडण्याआधी फटीशी नाक नेऊन कुठल्या बागेचा माल आणि आढीत किती दिवस झाले हे सांगतात. मानांकनाच्या कागदाला ते जमत नाही.

मात्र टर्पीनांनी सगळं उलगडतं असं समजू नका. मीही बरीच वर्षं तसं समजत होते. हापूसमध्ये वजनानं सर्वात जास्त टर्पीनंच, ओसिमीन त्यात पुढे. पण पिकलेल्या हापूसला हापूस करणारे रेणू थोडे आणि वेगळे: पिकताना वाढणारी लॅक्टोनं आणि फ्युरॅनोनं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर सुंदर काम झालं आहे. गांजात तर ही गोष्ट फारच उशिरा कळली. तो जो नावाजलेला "स्कंकी" वास, तो कुठल्या टर्पीनाचा हे अनेक वर्षं शोधत होते आणि सापडत नव्हता. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की तो टर्पीनाचा नाहीच, गंधकाचा आहे. उन्हात ठेवलेल्या बिअरला जो घाणेरडा वास येतो (म्हणून तर बाटल्या तपकिरी), तोच रेणू. टर्पीनं वाळलेल्या फुलात एकदोन टक्के सहज असतात. हा इतका नगण्य की नेहमीच्या तपासणीत दिसतही नव्हता. दोन वर्षांनी त्याच गटानं सांगितलं की टर्पीनं जवळपास सारखी असूनही वास अगदी निराळा, असे नमुने भरपूर आहेत, आणि फरक पाडणारे रेणू हे असेच चिमूटभर. त्यात एक स्कॅटोल, म्हणजे चक्क विष्ठेच्या वासातलं. रंगोलीत ठिपके जास्त, पण चित्र रेषेचं!

वासाचं वर्णन करायला आम्ही आठजण एका टेबलाभोवती बसतो, समोर छापील शब्दांची यादी: लिंबू, पाइन, पेट्रोल, चीज, स्कंक. आता स्कंक हा प्राणी मी कुठे हुंगणार? पहिलं वर्ष मी त्या रकान्यात अंदाजपंचे खुणा केल्या. मग एकदा हायवेवर गाडीखाली आलेला एक स्कंक होता, खिडक्या बंद असूनही वास आत आला, आणि मी ओरडले, "अच्छा, हा होय!" माझ्या खासगी वहीत त्याची नोंद होती, "हिंगाच्या डबीत रबर जळलं." हिंगातही गंधकाचीच संयुगं, त्यामुळे मी तशी बरोबरच होते. त्या वहीत सगळा मराठीचा पसारा आहे. दर्प, दरवळ, घमघमाट हे वासाच्या जोराचे. खमंग, खरपूस, करपट हे आगीचे. कुबट, उबट, खवट, आंबूस, ओशट हे बिघाडाचे. हिवस तर दुसऱ्या भाषेत सांगताच येत नाही. एका जर्मन सहकाऱ्याला मी कच्च्या अंड्याची रिकामी वाटी हुंगायला दिली आणि म्हटलं, हे. त्याला कळलं. आता तोही "हिवस" लिहितो, उच्चार "हीफास".

एवढं सगळं उत्साहानं सांगणारी बाई घरी का सांगत नव्हती, हे आता सांगायला हवं.

आमच्या घरात गांजा हा शब्द उच्चारला जात नसे. अप्पांना एक धाकटा भाऊ होता, बापूकाका. कलम बांधण्यात त्याचा हात असा की आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. बाविसाव्या वर्षी तो बैराग्यांच्या मागे गेला. वर्षातून एकदोनदा यायचा, पडवीत बसायचा, आजी तिथंच ताट नेऊन द्यायची. "गांजानं डोकं फिरलं," असं गाव म्हणायचं. अप्पांचं आणि त्याचं शेवटचं भांडण मी सात वर्षांची असताना झालं. अप्पांनी त्याची चिलीम विहिरीत टाकली. तो रात्रीच निघून गेला आणि परत आला नाही. २००३ च्या नाशिकच्या सिंहस्थाला अप्पा पंधरा दिवस साधूंच्या तळांवर फिरत होते. आजी ८ वर्षांनी गेली, शेवटपर्यंत पडवीचा दिवा मालवू देत नव्हती.

तरुण वयात रोज भरपूर टीएचसी घेतलं तर मनोविकाराचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. मी ते वाचलेलं आहे, आणि "माझा विषय टीएचसी नाही, टर्पीनं आहेत" हे वाक्यही मी तेव्हाच तयार केलं. खरं आहे ते. पण आमची झाडं सुवासिक झाली की माल खपतो, आणि त्या टाचणीत दोन्ही एकत्र असतात, हेही खरं आहे. टर्पीनांनी नशेचा परिणाम बदलतो असं उद्योगवाले छातीठोक सांगतात. माणसांवरचे पुरावे अजून तुटपुंजे आहेत. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या एका लहान प्रयोगात लिमोनीन सोबत दिल्यावर टीएचसीनं येणारी घबराट कमी झाली, एवढं एक मला नीट केलेलं काम वाटतं. बाकी बरीच जाहिरात.

तर अप्पांना मी सांगितलं होतं, "हॉप्सच्या कुळातली एक औषधी वनस्पती आहे." हॉप्स आणि गांजा खरोखरच एका कुळातले. खोटं न बोलता लपवायचं कसं हे शास्त्रज्ञांकडून शिकावं.

मागच्या वर्षी जूनमध्ये आईअप्पा इथे आले. शेजारी एक पोर्तुगीज वंशाचे आजोबा राहतात, निवृत्त ट्रकचालक, मागच्या अंगणात टोमॅटो, द्राक्षाचा मांडव आणि कायद्यानं घरटी परवानगी असलेली चार रोपं. पंधरा दिवसांत अप्पांची आणि त्यांची मैत्री झाली. भाषा कामापुरती. हापूस म्हणजे अल्फान्सो, तुमच्याच माणसाचं नाव, हे अप्पांनी हातवारे करून त्यांना पटवलं. जुलैत आई कुंपणावरून बघून म्हणाली, "यांनी अंबाडी लावलीय वाटतं, भाजीला मागावी का?" मी हसले, पण आईची चूक अगदी शास्त्रशुद्ध होती. अंबाडीच्या एका भावंडाचं पान गांजासारखं म्हणून लिनियसनंही त्याचं नाव हिबिस्कस कॅनाबिनस ठेवलं आहे. मी म्हटलं, "नको, अंबाडी नाही ती." पुढे काही बोलले नाही.

सप्टेंबरात दिवस लहान झाले आणि रोपांना फुलं धरली. एका संध्याकाळी वारा आमच्या बाजूला होता. अप्पा अंगणातून आत आले आणि चपला न काढता खुर्चीवर बसले.

"त्या म्हाताऱ्यानं गांजा लावलाय."

"चालतं इथे, अप्पा. घरामागे चार रोपं लावता येतात."

"तुला कसं माहीत?"

त्या क्षणी मला "पेपरात वाचलं" असं म्हणता आलं असतं. बोट चोळत उभी राहिले आणि मग सगळं सांगितलं. परवाना, टर्पीनं, ऐंशी रोपं, चार वर्षं. आई म्हणाली, "अगंबाई, पीएचडी करून गांजा?" अप्पा काहीच बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. शेजारच्या आजोबांनी टोमॅटो दिले तेही आईनं घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "बियांपासून करता की कलमांनी?"

मी म्हटलं, "दोन्ही. बिया म्हणजे रायवळ. त्यातलं चांगलं निवडून फांद्या रुजवायच्या. डोळा भरत नाहीत, नुसती फांदी."

"मुळं किती दिवसांत?"

"दहा-चौदा दिवस."

"बरं आहे," अप्पा म्हणाले. आंब्याचं कलम बांधणाऱ्या माणसाला हा शुद्ध आळशीपणा वाटला असणार.

माझ्याकडे नाक तयार करायला घेतलेला एक संच आहे, अत्तर शिकणारे वापरतात तसा. छोट्या बाटल्यांत शुद्ध रेणू, यातलं काहीच गांजातून काढलेलं नाही. त्या रात्री जेवणानंतर मी टेबलावर कागदी पट्ट्या मांडल्या आणि एकेक बुडवून अप्पांच्या हातात दिली, नाव न सांगता. लिमोनीनला ते लगेच म्हणाले, "लिंबाची साल. पण रस नाही यात." पायनीनला, "टर्पेंटाइन. बोटीला रंग देतात ते." मिर्सीनला जरा थांबले. "ओली पालवी. चुरडलेली." आणि टर्पिनोलीनला हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. "चीक. पण आपल्याकडचा नाही. कुठल्यातरी दुसऱ्या आंब्याचा." मी इथल्या पगारी परीक्षकांना वर्षभर शिकवते तरी एवढं येत नाही.

पाचवी पट्टी कॅरियोफिलीनची. मी मनात म्हटलं, मिरी म्हणतील. "मिरी," अप्पा म्हणाले. "लवंग. आईचा मसाल्याचा डबा." पट्टी खाली ठेवली. परत उचलली.

"बापूची झोळी," ते म्हणाले. "आला की खुंटीला लावायचा. तिला हा वास यायचा. आम्हाला वाटायचं, आईच्या मसाल्यातलं काहीतरी घेऊन जातो."

मी मूर्खासारखी रसायनशास्त्र सांगत सुटले. की दहा कार्बनचे हलके रेणू वाळवताना, साठवताना आधी उडून जातात आणि पंधरावाले मागे उरतात. की झोळीत महिनोन्महिने पडलेल्या जुन्या गांजात कॅरियोफिलीनच जास्त राहणार. की मिर्सीनसुद्धा ऊन-हवा लागून बदलतं, चरसात त्याचा एक नवाच रेणू तयार होतो आणि त्याला नावही हशिशीन असं दिलेलं आहे. अप्पा ऐकत होते की नाही, कोण जाणे. आई उठून ओटा पुसायला लागली, जो तिनं आधीच पुसलेला होता.

"चिलीम टाकायला नको होती," अप्पा म्हणाले. मग, "म्हणजे ओढायला नकोच होतं त्यानं. पण विहिरीत टाकायला नको होती."

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "हा किती दिवस राहतो?"

"पट्टीवर? बाकीच्यांपेक्षा जास्त. एखाददोन दिवस."

त्यांनी चष्म्याची डबी उघडली, चष्म्याखालच्या फडक्यात ती पट्टी ठेवली आणि झोपायला गेले.

ऑक्टोबरच्या मध्याला ते परत निघाले. शेजारच्या आजोबांनी द्राक्षाच्या दोन काड्या ओल्या कागदात गुंडाळून आणल्या होत्या. विमानात नेता येणार नाहीत, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. बॅगा गाडीत गेल्या. अप्पा पुन्हा आत आले, खिशातून चष्म्याची डबी काढून माझ्यापुढे धरली.

"उडालाय," ते म्हणाले.

मी बाटली काढली आणि पट्टी पुन्हा बुडवून दिली.